पाठीशी दार

५ ऑगस्ट
मार खाल्ला. मेंटल हॉस्पिटलच्या पुरुष वॉर्डात एकटीच ड्युटी. मांडवगणच्या आबांनी, जुन्या पेशंटनी, ताट उधळलं. मी भात गोळा करत करत आत सरकले. म्हंजी दार लांब, आबा मधी. शबाना आपांनी, आमच्या सिनियर, पहिल्याच दिवशी शिकवल्यालं, "पेशंटच्या आन् दाराच्या मधी आपण. दार कायम पाठीशी." इसरले. आबांनी वेणी धरून डोकं भिंतीवर आपटलं. ओरडले, कोण आलं न्हाई. आबांनीच सोडलं. वर मलाच, "कुणी मारलं गं पोरी?"
त्यांच्यावर राग न्हाई. त्यांना कळत न्हाई. ज्यांना कळतं त्यांच्यावर हाय.

६ ऑगस्ट
टेंगूळ लिंबाएवढं. हिथं रीत हाय, पहिल्यांदा मार खाल्ला की त्यानं स्टाफला चहा पाजायचा. हसायचं, विषय मिटला. म्हणलं, न्हाई पाजत. ड्युट्या लावणारे सर म्हणले, "मेंटलमधी एवढं चालायचंच. केस काप."
केस माझे, कापायचे बी मीच. वा.

१० ऑगस्ट, खुटबाव
सुट्टी. जेवायला उंबऱ्यात बसले. आई, "उठ, लक्ष्मी अडती." म्हणलं, तिला मागच्या दारानं यायला सांग. हसली. पण मी उठले न्हाई. एसटीत बी दाराशीच उभी हुते. संध्याकाळी आई केस विंचराया आली, तिचा हात झटकला. फणी उंबऱ्यावर ठिवून ती आत गेली.

१२ ऑगस्ट
आपांना सांगितलं, इंजेक्शन भरताना हात कापतोय. वाटलं, हसतील. "माझा दोन वर्सं कापत हुता. चहा पाजून बसल्याली, मग कुणाला सांगणार?"
डोक्यात किडा वळवळला.

१३ ऑगस्ट
दुपारी सगळ्या सिस्टर सरांच्या केबिनीत. दाराला खुर्च्या लावून बसलो. सर आत, टेबलामागं.
"काय काम हाय?"
"काय न्हाई. बसलोय."
सरांना बाहेर जायचं हुतं. "सरका की."
आपा म्हणल्या, "सरकू. तिथं कसं वाटतंय ते सांगा आधी."
सरांनी पाणी पिलं. मी म्हणलं, "हिथं तर कोण केस बी धरत न्हाई, सर. एकटीची ड्युटी बंद करा. दुसरा माणूस द्या."
तेवढ्यात चहा आला. मी म्हणलं, "तुमच्या नावावर सांगितलाय. पहिलीच येळ ना तुमची."
आपा लई दिवसांनी पोट धरून हसल्या. सर म्हणले, बघतो.

१४ ऑगस्ट
बघितलं म्हणं. पुरुष वॉर्ड, परत मी एकटीच. दारात खुर्ची टाकली. गोळ्या एकेकाला दारात बोलवून दिल्या. सरांचा निरोप आला, आत जा न्हाईतर घरी जा. निरोप आणणाऱ्याला म्हणलं, दोन्ही न्हाई, जाऊन सांग.
आतनं आबा, "पोरी, भायेर का बसलीस?"
"दुसरं माणूस यायचंय, आबा."
"मग मी बी थांबतो." आन् खरंच बसले, आतल्या अंगाला.
हात कापतोय अजून. खुर्ची काय हलवत न्हाई.