आला की आली

२ ऑक्टो.
घसा बसलाय तो बसलाय. कन्सल्टंट म्हणाली, स्वरयंत्रावर गाठ आहे, काढून तपासू. आवाजाचं विचारलं, तर "बघू". लंडनच्या ट्यूब रेल्वेत धीर धरला. हाउन्सलोला उतरले आणि प्लॅटफॉर्मवरच रडू फुटलं. फुटबॉल कोचचा आवाज गेला तर मागे काय उरतं, शिट्टी?

५ ऑक्टो.
प्रॅक्टिस. मुलींना अजून सांगितलं नाही. कॉलेजात मुलींची टीम पहिल्यांदा मीच काढली, तेव्हा स्टाफरूममध्ये काय हसले होते सगळे! समोरच्या टीमला कळू नये म्हणून मी मराठीत ओरडायला लागले. आता सोमाली, पंजाबी, पोलिश, सगळ्या पोरींना पाठ आहे. 'आला' म्हणजे चेंडू येतोय, 'आली' म्हणजे मागून समोरची पोरगी येतेय. आज डिफेन्समधली आमिना माझी नक्कल करत होती, हुबेहूब. हसले, आणि तिला पुन्हा एकदा करायला लावली.

९ ऑक्टो.
मी नसताना टीम सई बघणार. माझीच लेक, खेळते झकास, पण जन्म इथला.
"आई, मी पण मराठीत ओरडणार. मला येतो सगळा मराठी."
"येतं सगळं."
"सेम थिंग!"

१६ ऑक्टो.
उद्या ऑपरेशन. नवरा, सुहास, म्हणाला, "आज पोटभर बोलून घे." काय बोलावं सुचेना. शेवटी रिसायकलिंगचा बिन बाहेर ठेवला नाही म्हणून त्याच्याशीच कडाडून भांडले. तेवढंच झालं.

२६ ऑक्टो.
अजून बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. तरी मॅचला गेले, ईलिंगच्या कॉलेजशी. बरोबरी चालू. आमिनाच्या मागून त्यांची स्ट्रायकर धावत आली आणि सई ओरडली, "आला! आला!" आमिना बिचारी, पायात चेंडू असताना दुसरा कुठून येतोय म्हणून वर बघत राहिली. पायातला चेंडू गेला, गोल झाला. 'आली' अगदी ओठांवर आलं होतं. तोंडावर हात दाबून उभी राहिले.
परत येताना सई गाडीत हुंदके देत होती. "माझा चूक आहे, आई. रागव ना मला. प्लीज." मी नुसती पाठीवरून हात फिरवत राहिले. असहाय म्हणतात ते हेच.

३ नोव्हें.
गाठ कॅन्सरची निघाली. स्वरयंत्र पूर्ण काढलं तर धोका कमी, पण हा आवाज कायमचा गेला. रेडिएशन घेतलं तर आवाज राहील कदाचित, पण आजाराची खात्री नाही. शुक्रवारपर्यंत सांगा, कन्सल्टंट म्हणाली.
सुहासने माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. त्याचं उत्तर कळलं: आवाज जाऊ दे, तू राहा. सई म्हणते, तू ठरव.
मला आयुष्यभर मोठ्याने बोलल्याशिवाय काही ठरवता आलेलं नाही. स्वयंपाकघरात एकटीच बडबडायचे, मग कळायचं मला काय हवंय ते. बोलायची बंदी अजून उठलेली नाही; आता ओट्याशी उभी आहे कधीची, तोंड मिटून.