सातवी ब आणि चारशे तुरे

सोमवार, १ डिसेंबर

नवी वही, नवा महिना. रागावर ताबा ठेवायचा, हा एकच संकल्प.

हेडमास्तर इंद्रजित सर सकाळी घरी येऊन गेले. वाडीच्या शाळेचं स्नेहसंमेलन वीस तारखेला आहे. प्रदर्शनाचा विषय 'फुले'. सातवी 'अ'कडून विज्ञानाच्या वैष्णवी मॅडम करून घेणार, 'ब' माझ्याकडे. चित्रकलेचे सर बदलून गेले, ती जागा काही भरत नाहीत. जिचं प्रदर्शन चांगलं होईल तिला जानेवारीपासून चित्रकलेचे आठवड्याला तीन तास. मानद. विचार करून सांगते, म्हटलं. ते फाटकापर्यंत पोचायच्या आत सांगितलं.

मला गरज आहे अशातला भाग नाही. पस्तीस वर्षं पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवलं. मिस्टर गेल्यावर सणसरजवळच्या त्यांच्या या वाडीत येऊन राहिले ती शांततेसाठी. शांतता भरपूर आहे. परवा मी पडद्यांशी बोलले. पण ते खरोखरच नीट धुतलेले नव्हते.

मंगळवार, २ डिसेंबर

पहिला तास. एक्केचाळीस मुलं. मला 'मिस' म्हणायचं, हे सुरुवातीलाच सांगितलं. एकीने 'मिसआज्जी' म्हटलं. तिला बाकावर उभं केलं. नाव सृष्टी. बाकावर उभी राहूनही ती हसत होती.

फुलं ठरवून दिली : रोझ, लिली, डॅफोडिल. फुलांत काही दर्जा हवा.

लाल पोस्टर कलरची बाटली एकच. अविराज नावाचा मुलगा राजवर्धन नावाच्या मुलाच्या छातीवर बसला आणि बाटली तोंडावर उपडी केली. रंग कुठला आणि रक्त कुठलं, कळेना. धुतल्यावर दोन्ही निघालं. अठरा कात्र्या वाटल्या, अकरा परत आल्या. एक नोटीस बोर्डात रुतलेली सापडली, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर.

मी कुणाला मारलं नाही. पट्टी हवेत होती, अविराजची पाठ मध्ये आली.

शुक्रवार, ५ डिसेंबर

साठ डॅफोडिल्स तयार. पिवळी कार्डशीट, हिरवी टेप, तार. सुंदर.

सृष्टीने विचारलं, हे फूल कुठं येतं. इंग्लंडमध्ये, म्हटलं. मग हितं वळखायचं कुणी, म्हणाली. तिला बांधावरच्या तरवडाची आणि रुईची फुलं करायची होती. ती काय कुठेही उगवतात, असं मी म्हटल्यावर म्हणाली, "व्हय, म्हणून तर." हिच्याकडे लक्ष ठेवलं पाहिजे.

अविराजने एका डॅफोडिलचं बूड कापून त्यातून बाटलीत पाणी ओतून दाखवलं. नरसाळं म्हणून चांगलं चालेल, असं त्याचं मत. त्याच डॅफोडिलने त्याला चार तडाखे दिले. कागद होता. कागदाचा मार मोजत नाहीत.

सोमवार, ८ डिसेंबर

युद्ध.

मधल्या सुट्टीत 'अ'ची पोरं आमच्या वर्गात घुसली आणि साठच्या साठ डॅफोडिल्स पायाखाली तुडवली. अविराजने एकाचा कान चावला. त्याने तो सोडावा म्हणून तिघे त्याच्या पोटात गुद्दे मारत होते, आणि तो गुद्दे खात खात चावत होता. चिकाटी आहे मुलात. सृष्टीने 'अ'च्या दोघींच्या वेण्या खिडकीच्या गजाला घालून एकमेकींना बांधल्या. गाठ इतकी पक्की की शेवटी शिपायाला कात्री आणायला पाठवावं लागलं. आणि कात्री तर सापडेना.

मी फक्त छत्री घेऊन मध्ये पडले, सोडवायला. छत्रीच्या तीन काड्या मोडल्या. हेडमास्तरांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. का, ते समजलं नाही. तेव्हा पाऊसही नव्हता.

वैष्णवी मॅडम म्हणाल्या, मुलं मोठ्यांचं बघून शिकतात. मी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. इंग्रजीत होतं. दुर्दैवाने त्यांना ते समजलं.

गुरुवार, ११ डिसेंबर

आजपासून क्षमा. कॉन्व्हेंटच्या सिस्टर नेहमी म्हणायच्या, सूड हा दुबळ्यांचा मार्ग आहे. सिस्टरना सातवी 'अ' माहीत नव्हती, पण तरीही.

सायंकाळी ५

'अ'ने व्हरांड्यात झेंडूच्या पाकळ्यांचा मोर काढला होता, रंगीत तालमीसाठी. दहा फुटी. मी तिथून शांतपणे चालले होते. मोराच्या मानेवर पाय घसरला. मग शेपटीवर घसरला. मग परत मानेवर. व्हरांडा फारच गुळगुळीत केला आहे.

शुक्रवार, १२ डिसेंबर

व्हरांड्यात सीसीटीव्ही आहे, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

हेडमास्तरांनी ऑफिसात बसवून दाखवलं. आवाज नसल्यामुळे गैरसमज होतो, असं मी म्हटलं. आवाज नसल्याचा तुम्हाला फायदाच आहे मॅडम, असं ते म्हणाले. शेवटची संधी. वीस तारखेला प्रदर्शन निर्विघ्न पार पडलं तर तीन तास माझे. नाहीतर वैष्णवी मॅडमचे.

मला काही वाटलं नाही. घरी येऊन एक कप फुटला. आणि दोन बश्या.

सोमवार, १५ डिसेंबर

बारामतीला गेले. पिवळी कार्डशीट संपली, क्रेप पेपर संपला. सगळ्याच शाळांची संमेलनं या महिन्यात. दुकानदाराने राखाडी रंग पुढे केला. राखाडी फुलं तुझ्या घरी लाव, म्हटलं. चार दिवस उरले आणि हातात काही नाही.

परत येताना एसटीच्या खिडकीतून बघितलं आणि उभीच राहिले. कन्हेरीपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसावर हातभर उंचीचे रुपेरी पिसारे, उन्हात चमकणारे. पुण्यातल्या बड्या हॉटेलांत लॉबीत असलंच गवत मोठमोठ्या कुंड्यांतून ठेवतात. पँपास म्हणतात त्याला. इथे नुसतं उभं आहे! एवढी वर्षं या लोकांना कळलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

उसाशी माझा संबंध चहापुरता. आमचं रान दीर बघतात.

मंगळवार, १६ डिसेंबर

'ब'ला सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या रानातून दहा पिसारे आणायचे. वर्गातली मारामारी थांबली. पहिल्यांदाच.

सृष्टी उभी राहिली. "मिस, त्यो तुरा हाय. येळंवर ऊस तुटला न्हाय की त्येला तुरा येतो. मग ऊस आतनं पोकळ पडतो, वजन जातं. तुरं कुनी घरात आनत न्हाई."

मी तिला सौंदर्य म्हणजे काय ते समजावलं. समजावताना डस्टर माझ्या हातून सुटून फळ्यावर आदळलं, तिच्यापासून चांगलं फूटभर लांब.

संध्याकाळी तिची आजी कुशाबाई फाटकाशी आली. पूर्वी यांची मेंढरं होती, आता दोन एकर ऊस आहे. आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, बाई, तुरा बघितला की मानसं चिडत्यात, ही काय शोभा न्हवं. मी म्हटलं, दृष्टी हवी. ती म्हणाली, दृष्टी हाय, म्हणून तर सांगाय आले. एकूण त्या घराण्यालाच उलट बोलायची सवय.

शुक्रवार, १९ डिसेंबर

अप्रतिम!

चारशे पिसारे. मातीचे डेरे चुन्याने रंगवून त्यांत उभे केले. वर पडद्यामागून पिवळा दिवा. हॉल म्हणजे पुण्याचं हॉटेल वाटतो. प्रत्येक डेऱ्यावर मुलांकडून सुवाच्य अक्षरांत कार्ड लिहून घेतलं : विद्यार्थ्याचं नाव आणि पिसारा कोणाच्या रानातला. प्रदर्शनात मूळ ठिकाण लिहितात. इथे हे कुणाला माहीत नसतं.

राजवर्धन एकट्याने झेंडू आणला. बाकी चाळीस मुलांनी आज्ञा पाळली, तुला काय झालं, म्हणून कान पिळला. नुसता रडला. उद्याचे प्रमुख पाहुणे गेणूआबा याचे आजोबा, हे नंतर कळलं. नीराकाठ साखर कारखान्याचे संचालक. असू दे. कान सर्वांना सारखेच. झेंडूचा डेरा अगदी पुढे ठेवला, म्हणजे पाहुण्यांना बरं वाटेल.

मुलं आज एकदाही भांडली नाहीत. अविराजने स्वतःहून झाडून काढलं. सृष्टी जाताना म्हणाली, मिस, अजून येळ हाय, रातीत काढून टाकू, आमी करतो. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नुसता ठेवला.

जानेवारीत पाचवीपासून सुरुवात करावी. आधी रेषा, मग आकार. तीन तास कमी पडतील. चार मागावेत.

शनिवार, २० डिसेंबर, दुपारी ३

हे मी डाव्या हाताने लिहिते आहे.

साडेदहाला गेणूआबांनी फीत कापली. आत पाय टाकला आणि थांबले. मागून गावची माणसं आली, तीही थांबली. मला वाटलं, सौंदर्याने स्तब्ध झाली.

मग अविराजचे चुलते रामतात्या एक एक कार्ड मोठ्याने वाचू लागले. अविराज, आमचं रान. सृष्टी, कुशाबाईचं रान. स्वरूपा, ओढ्याकडचं रान. लोक मागे मागे चालत होते आणि प्रत्येक कार्डाला "हां" म्हणत होते. डिसेंबर संपत आला तरी कारखान्याची ऊसतोड कुणाकुणाला मिळाली नाही, त्याची यादीच मी भिंतीला धरून लावली होती. हे मला रामतात्यांच्या आवाजावरून समजलं.

सगळी वाचून झाल्यावर रामतात्या पुढच्या डेऱ्याशी आले. शांतपणे विचारलं, "आबांच्या रानातला तुरा कुठं हाय?"

राजवर्धन म्हणाला, "आमचा ऊस कवाच गेला, तात्या. दिवाळी झाली की पयल्यांदा आमचाच. म्हणून मी झेंडू आनला."

पुढचं नीटसं आठवत नाही. पहिला तुरा रामतात्यांनी उपटला, एवढं नक्की. आबांच्या माणसाने त्यांच्या तोंडावर बुक्की मारली. त्या माणसाला चौघांनी स्टेजखाली घातला. मग सगळ्यांनीच तुरे उपटले आणि एकमेकांना झोडपायला सुरुवात केली. तुऱ्याची लव हॉलभर उडाली, कुणाला काही दिसेना. मग जो हाताला लागेल त्याला. खुर्च्या गेल्या. माईक गेला. 'अ'ने नव्याने काढलेला मोर तर चढाईत पहिल्याच मिनिटाला गेला, आणि तेव्हा मी तिथे नव्हते, याला साक्षीदार आहेत. 'अ' आणि 'ब' पहिल्यांदाच एका बाजूने लढले, मोठ्यांविरुद्ध. वैष्णवी मॅडम खिडकीवर चढून शिंकत होत्या.

शिस्त आणण्यासाठी मी एक डेरा उचलला. तो निसटला. गेणूआबांच्या डोक्यावर.

रविवार, २१ डिसेंबर

बारामतीच्या दवाखान्यात आबांना सहा टाके. मला मनगटाला प्लॅस्टर. रामतात्यांचा एक दात, पण तो आधीच हलत होता, असं आमची सारजा म्हणते. सारजा भांडी घासायला येते आणि बातम्या घेऊन येते.

विचार केला तर चूक कुणाची? कॅप्शन्स अचूक होत्या. मांडणी निर्दोष होती. प्रेक्षक तयार नव्हते. पुण्यात असं झालं नसतं.

सारजा म्हणाली, सकाळी वाडीत कारखान्याच्या ऊसतोडीच्या तीन टोळ्या आल्या, तोड सुरू झाली, पहिला नंबर कुशाबाईचा. कार्डं बघून लावल्यासारखा क्रम हाय म्हणे. माझ्यामुळे, हे उघड आहे. कुणी आभार मानायला आलेलं नाही. बहुधा तोडीत गुंतले असतील.

मंगळवार, २३ डिसेंबर

शाळेच्या ग्रुपवर संदेश. चित्रकलेचे तीन तास वैष्णवी मॅडम घेतील. 'समन्वयाने.' खाली सत्तावीस अंगठे. मला ग्रुपमधून काढायचं विसरले आहेत. मीही अंगठा दिला. चुकून. मग काढला. मग दिला.

हे तात्पुरतं असणार. वैष्णवी मॅडमना सरळ रेषासुद्धा येत नाही. हेडमास्तर आठवड्याभरात स्वतः फोन करतील. मी नकार देणार. वाक्यही तयार आहे : 'सर, माझा तो काळ आता गेला.' इंग्रजीत जास्त चांगलं वाटतं, पण मराठीत बोलेन. त्यांना समजलं पाहिजे.

मंगळवार, ३० डिसेंबर

दुपारी सृष्टी आली. सोबत कुशाबाईने दिलेला रसाचा तांब्या. शाळेत राहिलेली माझी छत्रीही आणली होती. काड्या तारेने नीट बांधल्या होत्या. मी म्हटलं, तांब्या ठेव आणि जा, मला खूप काम आहे. ती पडद्यांकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मिस, वैष्णवी मॅडम नुसत्या समजावून सांगत्यात. तुमी आला न्हाय तर आमाला मारणार कोन?"

कुणी मारलं नाही म्हणजे चांगलंच, असं मी म्हटलं. ती म्हणाली, व्हय, पन आमच्याकडं बघत बी न्हाईत त्या.

तिला कळवते म्हटलं. ती गेल्यावर रस प्यायले. सगळा.

हेडमास्तरांचा फोन आला की स्पष्ट नकार द्यायचा, यात बदल नाही. फोन सकाळपासून डाव्या हातातच आहे. चारच्या सुमारास वाजला. पहिल्या रिंगलाच उचलला. गॅसवाला होता. सिलिंडर आणू का, विचारत होता.

नको, म्हटलं. ठणकावून.