दोन बोटं फेस

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आलं एकदाचं घरात! जयदीपने टेम्पोतून पाठवलं. दिसायला फ्रिजच, पण डोक्यावर पितळी नळ आणि पोटात बियरचं वीस लिटरचं पिंप. जयदीप आमच्या कंपनीत स्टोअरला असतो. मोशीला त्याच्या घरच्यांचं हॉटेल होतं, ते बंद पडलं, त्यातला हा माल. पिंप तेवढं ओळखीच्या बियरवाल्याकडून ताजं भरून दिलं. "न्या भाऊ, आमच्यात आता हाटेल कुनी बघत न्हाई. नुस्तं धूळ खात पडलंय."

आईने विचारलं, "काय रे हे?" म्हणालो, थंड पाण्याचं मशीन. ब्याऐंशी वर्षांची ती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. खोटं बोलायचं नाही हे पंचशीलातलं चौथं शील, ते दारातच मोडलं. पाचवं दारूचं. ते तर हमालाने आत आणून ठेवलं!

आम्रपाली, माझी बायको, ओट्याशी होती. कोरडा ओटा पुसत राहिली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

इथे तरी सरळ लिहितो.

आमचा मुलगा आयुष महिन्याभराने येतोय. पाच वर्षांनी. तेव्हा तेवीसचा होता. पिऊन आला, जिन्यात ओकला, आणि मी त्याची बॅग उचलून गल्लीत ठेवली. सगळे शेजारी दारात उभे. "माझ्या घरात हा वास नको." हे माझे शब्द, अजून कानात आहेत. दोन महिन्यांत तो जर्मनीला गेला. तेव्हापासून फोन त्याच्या आईला, आजीला. मला फक्त "बरे आहात ना?" मी म्हणतो, "हो, तू?" संपलं.

माफी मागायला माझं तोंड उघडत नाही. म्हणून हा नळ. तिकडे असंच पितात म्हणे, नळाची ताजी. ग्लास भरून मी स्वतः त्याच्या हातात दिला की बाकीचं त्याला कळेल. जन्मात थेंब न घेतलेला माणूस मी! बघेल तरी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पहिली शिफ्ट. परत येताना बस तळेगाव रस्त्यावर तासभर उभी. गुडघे बोलायला लागले.

बियर नळापर्यंत ढकलायला गॅस लागतो, त्याचं सामान मशीनसोबत नव्हतं. कंपनीमागच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि रेग्युलेटर आणला. मशीनच्या दाराच्या आत हॉटेलवाल्यांचा कागद चिकटवलेला — तापमान तीन, दाब बारा, वर दोन बोटं फेस. काटा बारावर आणला. नळ उघडला.

नुसता फेस! सहा ग्लास, सहाही पांढरे. सगळं मोरीत ओतलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

तीस वर्षं चाकणला गेजरूममध्ये, मापं तपासण्यात काढली. एका केसाच्या फरकासाठी अख्खा लॉट परत पाठवलेला माणूस मी. हा फ्रिज माझी अक्कल काढणार?

कंपनीतला थर्मामीटर लावला. आत तीन अंश. ग्लासात नऊ! म्हणजे नळ बसवलेला वरचा खांब गरम राहतो आणि बियर वर येता येता तापते. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा खांबाखाली बसवला. आता ग्लासात पाच.

फेस तसाच. जरा कमी असेल. चव बरोबर आहे का बघायला एक घोट घेतला. कडू. हे कशाला पितात कुणास ठाऊक.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नळी काढून धुतली. आतून काळपट चिकट घाण निघाली, वास असा की आम्रपालीने खिडक्या उघडल्या. जयदीपला फोन केला, तर हसतोय. "धुत न्हवतो आमी, भाऊ! गिऱ्हाईकाला तिसऱ्या गिलासानंतर काय कळतंय?"

फेस आहेच. फेस खाली बसेपर्यंत थांबायचं आणि उरलेलं चाखायचं, अशी पद्धत ठरवली. अर्धा ग्लास होतो. फेकवत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

नळी लांब केली, तीन मीटर. फरक नाही.

आयुषचा फोन होता. चक्क मला! "बाबा, खास काही करू नका हां. मला तुमच्याशी बोलायचंय, समोर बसून." मी म्हणालो, हो हो, बसू की. फोन ठेवून परत नळी मोजली. पाच वर्षांचं साचलेलं काढणार. काढू दे. हातात ग्लास असला की दोघांनाही सोपं जाईल.

एक ग्लास. चाचणीचा.

४ डिसेंबर, गुरुवार. पौर्णिमा

विहारात गेलो. पाचव्या शीलाला खोकला आला. आई शेजारी होती. तिने पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "ते थंड पाणी कमी पी." लाज वाटली. खरंच वाटली.

घरी येऊन नळ उघडून बघितला. फेसच.

८ डिसेंबर, सोमवार

पहिलं पिंप संपलं! वीस लिटर. मोरीत किती गेलं आणि पोटात किती, ते कुठे मोजत बसू. दुसरं पाठव म्हणून जयदीपला सांगितलं. "भाऊ, पोरगं तर अजून यायचंय न्हवं?" म्हणालो, चाचणी चालू आहे. तो म्हणाला, "बरं. धाडतो."

गेजरूममध्ये दुपारनंतर मन लागत नाही. मार्चला निवृत्ती, कोण काय म्हणणार! बसमध्ये तोंड कोरडं पडतं. घरी आलो की कपडे बदलायच्या आधी हात नळावर जातो. तो फुस्स आवाज झाला की खांदे खाली येतात. एवढं दमल्यावर माणसाला काहीतरी लागतंच.

१० डिसेंबर, बुधवार

गाढव मी!

चष्मा पुसून रेग्युलेटरची तबकडी वाचली. आज पहिल्यांदा. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय — लिटर, मिनिटाला. हा वेल्डिंगचा रेग्युलेटर. काटा दाब दाखवतच नाही, गॅस किती वाहतो ते दाखवतो. मी मात्र 'बारा, बारा' करत बसलो आणि पिंपात दाब भलताच चढत राहिला. फेस नाही येणार तर काय!

येणाऱ्या प्रत्येक ट्रेनीला पहिल्या दिवशी मीच सांगतो, आधी एकक वाचा, मग काटा वाचा. माझ्या टेबलामागे भिंतीवर तसा कागद लावलाय, माझ्याच हाताने लिहिलेला.

कुणाला सांगणार नाही हे.

१४ डिसेंबर, रविवार

जमलं!! सोड्यावाल्याकडून चांगला गॅस आणला, खऱ्या दाबाचा रेग्युलेटर लावला, नवं पिंप दोन दिवस हलवलं नाही. नळ उघडला — सोनेरी, स्वच्छ, वर दोन बोटं फेस. आम्रपालीला हाक मारून दाखवला. मला तर भरून आलं. असाच ग्लास त्याच्या हातात द्यायचा.

दुसरा भरला, तोही तस्साच. तिसराही.

१७ डिसेंबर, बुधवार

आम्रपाली म्हणाली, "मशीन नीट झालं ना?" म्हणालो, झालं. "मग चाचणी कसली चाललीय?"

चिडलो. उगाच चिडलो. घरासाठी एवढं मरमर करायचं आणि वर हे ऐकायचं! आई वंदनेला थांबली होती. तिला म्हटलं, आज तू एकटीच म्हण, मी दमलोय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

उद्या येतोय. नळी धुतली, ग्लास धुतले. आज घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. एकच घेतला.

२० डिसेंबर, शनिवार

आयुष आला. वाळलाय, पण चेहरा स्वच्छ आहे. ग्लास भरून दिला, दोन बोटं फेस. त्याने घेतला, बघत राहिला आणि ओट्यावर ठेवला. "बाबा, चौदा महिने झाले. सोडली मी. तुम्ही बरोबर होतात, एवढंच सांगायचं होतं समोर बसून."

संध्याकाळी तो आजीला बिलगून वंदनेला बसला. पाचवं शील मोठ्याने म्हणाला. मी मागे बसून ओठ मिटून घेतले. ओट्यावरचा त्याचा ग्लास मी आधीच संपवला होता. त्याने वळून माझ्याकडे बघितलं. वास आला त्याला.