गुडघा गोधडीत आहे

तीन पत्रं आली तुझी, आणि तिन्हीत एकच रडगाणं: ताई, माझ्या गुडघ्याचा एक्स-रे पाठव. बहीण जिवंत आहे की गेली, हे विचारायला शाई संपली होती का? लहानपणी मार चुकवायला माझ्यामागे लपायचास, तेव्हा बरी आठवण यायची.

असो. चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. दोन दात कमी झाले, जीभ आहे तेवढीच आहे. तुझा पाय कसा आहे ते विचारत नाही, तीन पत्रांत पाठ झालाय.

एक्स-रे सुखरूप आहे. (घाबरू नकोस, बसून वाच. तसंही उभं राहवत नाही तुला.) जुना फोटो बघितल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन करणार नाही, हे समजलं. पण फोटो आता पाकिटात नाही. गोधडीत आहे.

झालं असं, की आमच्या नातीला कॉलेजातल्या बाईंनी कापड न वापरता गोधडी करून आणायला सांगितली. मी चौथी नापास, पण गोधडी कापडाची असते एवढं मलाही कळतं. पोरीला साधा धावदोरा सरळ घालता येत नाही, म्हणून सुई आली माझ्या हातात. आधी सिमेंटच्या गोण्या घेतल्या, तर दोन दिवस अंग खाजवत बसले. मग जुन्या कॅसेटींच्या टेपा काढल्या. त्यात मांजर असं गुंडाळलं गेलं की सोडवायला शेजारच्या न्हाव्याला कात्री घेऊन बोलवावं लागलं. (मांजर आता एका बाजूने भादरलेलं आहे.) मग औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं जोडली. ती इतकी कुरकुरायची, की जावयाला वाटलं मी चोरून काहीतरी खातेय.

शेवटी ट्रंकेत एक्स-रेंचा गठ्ठा सापडला. खिडकीशी धरला, तर सगळं निळसर, पाण्याच्या तळाशी बघावं तसं. तुझ्या मेहुण्यांची छाती (आयुष्यभर धूर ओढला, पण फोटोत काय देखणे आलेत, हयातीत एक फोटो धड नव्हता), माझं मनगट, जावयाचं कोपर. मशीनच्या तीन सुया मोडल्या, कोपऱ्यावरच्या शिंप्याने हात जोडले. मग चपला शिवणाऱ्याची आरी मागून आणली. तो स्वतः बघायला आला आणि म्हणाला, ‘‘आजी, चपला शिवल्या, बॅगा शिवल्या, बरगड्या शिवताना आज पहिल्यांदा बघतोय.’’

मधला एक चौकोन रिकामा राहिला. तुझा गुडघा त्यात मापाने बसला. पाच वर्षं इथे विसरून गेला होतास, म्हटलं आता कशाला विचारतोय. शेवटची गाठ मारली आणि चौथ्या दिवशी तुझं पहिलं पत्र!

लगेच उसवायला बसले, खोटं सांगत नाही. पण कापडाची भोकं नखाने घासली की मिटतात. या फिल्मची मिटत नाहीत, तिथूनच फाटायला लागते. आणखी ओढलं असतं तर तुझी वाटी माझ्या हातात आणि नडगी गोधडीत राहिली असती.

तेव्हा ठरलंय असं. परवा कॉलेजातलं प्रदर्शन संपलं की नात गोधडी घेऊन थेट दवाखान्यात येईल. गुडघा एकटा येणार नाही, सगळं खानदान बरोबर येईल. डॉक्टरला म्हणावं, खिडकीला टांगा, मधला चौकोन तुमचा, बाकीच्यांकडे बघू नका. आणि कडेचे ठिपके माझे टाके आहेत, रोग नाही. ऑपरेशनच्या दिवशी मीही येतेय. बाहेर बाकावर बसेन. रडणार नाही, तूही रडू नकोस.

तुझी ताई

ता. क. एक राहिलं. लोकांनी तुझं नाव वाचू नये म्हणून फोटो पालथा शिवलाय. म्हणजे गोधडीत उजवा दिसतो तो तुझा डावा. डॉक्टरला आधी सांग. सांगायला लाजशील तर दुखऱ्या गुडघ्यावर पेनाने मोठी फुली मार. दुखऱ्याच.

आणखी ता. क. बाईंना गोधडी फार आवडली, पण म्हणतात, एकच गुडघा लंगडा दिसतो. डॉक्टर दुसऱ्याचाही फोटो काढेल, तो मला पाठव. माझ्याकडे जपायला दिलेला भावजयीच्या कमरेचा फोटो खालच्या कोपऱ्यात आहे. दवाखान्यात तिला गोधडीकडे पाठ करून बसव. हे पत्र तिच्या हाती देऊ नकोस. उत्तर तूच लिही.