शेपटांची बचत

४ मार्च १९८४, डुलुथ
आणि तिसरी फ्लॉपीही कटकट करून थांबली. चौथी घातली. चालली. म्हणजे पद्धत बरोबरच होती, फ्लॉप्या खराब होत्या.

नोंदवून ठेवतो. आजवर फ्लॉपीवर प्रत्येक फाइल ठरावीक मापाच्या पूर्ण खोल्या अडवते. शेवटच्या खोलीत दोनच ओळी असल्या तरी ती तिचीच. शुद्ध उधळपट्टी. माझ्या पद्धतीत सगळ्या फाइलींची शेपटं, म्हणजे शेवटचे तुकडे, एकाच खोलीत दाटीवाटीने राहतात. कोणाचं शेपूट कुठे, हे मशीन लक्षात ठेवतं आणि काम संपल्यावर क्यूची कळ दाबली की ती नोंद एकदाच फ्लॉपीवर लिहितं. दर वेळी लिहीत बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

संकल्प : एप्रिलपर्यंत कॉम्प्युटरच्या मासिकाला लेख.

८ मार्च
कॉम्प्युटर क्लब, लायब्ररीचं तळघर. प्रात्यक्षिक छान झालं. व्हर्लिनने विचारलं, कुणी क्यू न दाबता मशीन बंद केलं तर? मी म्हणालो, असं कोण करतं? तो म्हणाला, माझी बायको, तुझी बायको आणि वीज कंपनी. सगळे हसले. हसू देत. व्हर्लिनला आजवर स्वतःचं असं काही सुचलेलं नाही.

संकल्प : ‘क्यू दाबा’ अशी सूचना पडद्यावर टाकणे. जागा उरली तर.

११ मार्च, रविवार
सासऱ्यांकडे सॉना, वाफेची अंघोळ. ते, टॉइव्हो नीमी, चाळीस वर्षांनी बंदरातल्या लोहखनिजाच्या धक्क्यावरून निवृत्त होतायत. चोवीस तारखेला युनियनच्या हॉलमध्ये जेवण आहे, त्यांना बोलायचंय. हा माणूस ‘मीठ दे’सुद्धा बोटाने सांगतो. पण तीन आठवडे बसून पेन्सिलीने भाषण लिहिलंय, आणि माझ्या बायकोने, अर्लीनने, ते आमच्या मशीनवर टाइप केलं. माझ्या पद्धतीच्या फ्लॉपीवर. पहिलं खरं काम!

शेवटचा परिच्छेद आयनो लाहतीबद्दल आहे, ती म्हणाली. बावन्न साली तो धक्क्यावरून खाली पडून गेला. प्यायला होता, असं चौकशीत ठरलं. तो प्यायलेला नव्हता, फळी सैल होती, हे बाबांनी पाहिलं होतं. त्या वेळी बोलले नाहीत. आता सिल्वीसमोर, आयनोच्या बायकोसमोर, बोलायचंय.

टॉइव्होंनी पेन्सिलीचे कागद दाखवून विचारलं, हे ठेवू का रे? मी म्हणालो, कशाला? कागदापेक्षा फ्लॉपी सुरक्षित. त्यांनी ते सॉनाच्या भट्टीत घातले. विश्वास टाकला, बरं वाटलं.

१५ मार्च
अर्लीनने चर्चच्या जेवणासाठी हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजायच्या खिमा-बटाट्याची, कृती त्याच फ्लॉपीवर टाइप केली. किती भरभर! मशीन कसं बंद करतेस, विचारलं. म्हणाली, कसं म्हणजे? भिंतीवरचं बटण. तू दिवा नाही का तसाच बंद करत? क्यूचं तिला सांगितलं नाही. उगाच तिला दोष दिल्यासारखं होईल. सूचना अजून टाकलेली नाही. जागा नाही.

संकल्प : भाषण छापल्यावर एकदा वाचून पाहणे.

२३ मार्च
छापलं. चार पानं, सुरेख. वाचायचं राहिलं. लेखाची सुरुवात सुचली होती.

२४ मार्च, शनिवार, जेवणानंतर
प्रिंटरचा दोष असण्याची शक्यता आहे.

टॉइव्हो ओळीवर बोट ठेवून वाचतात. वर बघत नाहीत. चौथ्या पानावर आले : आयनो लाहतीबद्दल आज सांगायलाच हवं, की त्या दिवशी तो दोन डबे मशरूम सूप घालून वर बटाट्याचे तुकडे पसरून साडेतीनशे डिग्रीवर भाजावा.

बोट थांबलं. हॉल हसला. कोणीतरी ओरडलं, टॉइव्हो, तू इतका विनोदी आहेस हे चाळीस वर्षं लपवलंस की! टाळ्या. टॉइव्होंनी पान उलटून पाहिलं. मागे कोरं. मग ते खाली बसले.

सिल्वी पुढच्या टेबलाशी होती. तिने काटा ठेवला, पर्स उचलली आणि गेली.

अर्लीनने माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्याला म्हणालो, लोकांना आवडलं. तो म्हणाला, अरे, बेस्ट! मग मी कॉफी आणायला गेलो आणि कॉफीपाशीच उभा राहिलो.

घरी येऊन फ्लॉपी तपासली. क्यू न दाबल्याने भाषणाच्या शेपटाची नोंदच झाली नव्हती, त्या जागी कृती बसली आहे. खालचं पुसलं गेलंय. प्रिंटरचा दोष नाही. अर्लीन म्हणाली, मी काही चुकीचं दाबलं का? मी म्हणालो, बघतो.

२५ मार्च, सकाळ
टॉइव्होंचा फोन. सिल्वीकडे सोड म्हणाले, रस्त्यावर बर्फ आहे. गाडीत मी म्हणालो, बाबा, काल जे झालं ते माझ्यामुळे, अर्लीनमुळे नाही. ते म्हणाले, पुढे बघून चालव.

सिल्वीने दार अर्धं उघडलं. ते हातात टोपी धरून पायरीवरच उभे राहिले आणि बोलायला लागले. तिने त्यांना आत घेतलं नाही, पण दारही लावलं नाही. मी गाडीतच बसून राहिलो, काच खाली केली नाही.