टाचणावरचा शिक्का

४ ऑगस्ट
नवा फतवा! वर्गात काय शिकवणार त्याचं टाचण आठ दिवस आधी कार्यालयात द्यायचं. शिक्का बसला तरच तोंड उघडायचं. वीस वर्षं या कॉलेजात पूल कसे बांधतात ते शिकवतोय, आता परवानगी काढून शिकवू! स्टाफरूममध्ये सगळे माना डोलावून मोकळे. शेपटी असती तर तीही हलवली असती.

११ ऑगस्ट
मुद्दाम गेल्या साली पडलेल्या पुलाचं टाचण दिलं. चौकशी अहवाल, सिमेंटची चोरी, ठेकेदाराचं नाव — सगळं. ठेकेदार म्हणजे आमच्याच संस्थेचे अध्यक्ष! बघू कोण अडवतंय.

१२ ऑगस्ट
मंजूर?!

१९ ऑगस्ट
अ तुकडीला पूल शिकवला. शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, हे परीक्षेच्या पेपरात लिहिलं तर चालेल?" म्हटलं, "खरं आहे ना? मग लिही." कितीतरी दिवसांनी शिकवल्यासारखं वाटलं.
पण तो शिक्का डोक्यातून जाईना. आज टाचण म्हणून धोब्याची यादी दिली — चादरी चार, अभ्रे सहा, पडदे दोन.

२१ ऑगस्ट
यादीही मंजूर! हसून हसून मुरकुंडी वळली. बायको म्हणाली, "शिक्का मिळतोय ना? मग गप शिकवा. नसती उठाठेव कशाला?" तिला काय कळतंय!

२५ ऑगस्ट
स्टाफच्या सभेत शिक्का मारलेली यादी खड्या आवाजात वाचली. अभ्र्यांपर्यंत आलो तोवर प्राचार्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं! माना डोलावणारे आता पोट धरून हसत होते. काय जिरवली!

२७ ऑगस्ट
शिक्के मारणाऱ्या बाईंची भांडारात बदली. डबा, छत्री घेऊन निघाल्या होत्या, माझ्यापाशी थांबल्या. "सर, मी एकही टाचण वाचत नव्हते. मुद्दामच. वाचलं असतं तर तुमचा पूल वर पाठवावा लागला असता."
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२८ ऑगस्ट
प्राचार्य गोड हसले. "तुमची नजर बारीक. यापुढे टाचणं तुम्हीच वाचा. सही तुमची, जबाबदारीही तुमचीच." नाही म्हणायला हवं होतं. एखादा मठ्ठ माणूस बसण्यापेक्षा मी काय वाईट — अशी स्वतःची समजूत घातली.

२ सप्टेंबर
ब तुकडीसाठीचं माझंच टाचण माझ्या टेबलावर आलं. ठेकेदाराचं नाव खोडलं. कुणी सांगितलं नव्हतं.