शिलाईचा इंच

४ फेब्रुवारी
चि. छकुलीस,
अ. उ. आ. तू पाठवलेली पाचही समीकरणं सोडवून सोबत पाठवतेय. या खेपेला एकही वजाबाकी चुकलेली नाही, बघच! परीक्षेला महिना उरलाय. दोनदा गणितात आपटलेय. तिसऱ्यांदा आपटले तर शिवणशाळेतली शिकवायची जागा दुसरीला जाईल, तिथे दहावी पास लागतेच. तुझे काका म्हणतात, पन्नाशीत कसली परीक्षा. म्हणून त्यांच्या सदऱ्याची बटणं लावणं मी बंद केलंय.
भाचीच्या मास्तरकीवर भिस्त ठेवून बसलेली,
आत्या

९ फेब्रुवारी
ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. पाचही चूक. रागावू नकोस! पायऱ्या तर माझ्या वर्गाला दाखवाव्यात इतक्या स्वच्छ आहेत. पण प्रत्येक उत्तर बरोबर एकने जास्त. ३क्ष + ७ = ४०. तू ७ वजा केलेस, ३३ आले, ३ ने भागलंस आणि लिहिलंस १२! अकराचे बारा कुठून झाले? शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवलं, कुणाचंच डोकं चालेना. शेवटची पायरी करताना काय करतेस ते नीट बघून कळव.
काकांच्या बटणांचीही काळजी असलेली,
छकुली

१४ फेब्रुवारी
चि. छकुलीस,
अ. उ. आ. अगं, चोर सापडला! काल स्वतःच्याच हातावर डोळा ठेवला. अकरा आले आणि हाताने आपसूक बारा लिहिलं. शिलाईसाठी सोडायचा इंच! तीस वर्षांत मापाला माप कापड मी कधी कापलंच नाही. दोन वर्षं मी या एका इंचापायी नापास होतेय गं! आधी रडले, मग पोट धरून हसले. आता या हाताचं करू काय?
तुझी वेंधळी,
आत्या

१९ फेब्रुवारी
ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून मी वर्गातच टाळी वाजवली! उपाय तुझ्याच दुकानात आहे. गिऱ्हाइकाला कपडा अंगात घालून बघायला लावतेस ना? तसंच उत्तर समीकरणात घालून बघ. बारा घातलेस तर ४३, ढगळ. अकरा घाल, ४० ला चपखल. घालून बघितल्याशिवाय पान उलटायचं नाही, माझी शपथ आहे.
पेपरच्या दिवशी तुझ्याहून जास्त घाबरणारी,
छकुली

१२ जून
चि. छकुलीस,
अ. उ. आ. पास! शंभरात त्रेसष्ट! काका गल्लीभर सांगत सुटलेत, जणू पेपर त्यांनीच दिला. पेपरात एका आयताची रुंदी दहा आली नि हात अकराकडे निघालाच. लांबी पाचने जास्त होती, घालून बघितलं तर परिमिती पन्नासच्या जागी चौपन्न! घाम पुसला आणि दहा लिहिलं.
काल शिवणशाळेतला पहिला दिवस. मुलींनी बाई म्हणून हाक मारली, तर कोण बाई आल्या म्हणून मीच मागे वळून बघितलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने मापाला माप खडूची रेघ ओढली आणि कात्री उचलली. मी तिचा हात धरला आणि इंचभर सोडायला सांगितलं. ज्या इंचाने मला दोनदा नापास केलं, तोच काल मी वीसजणींना शिकवला.
लोभ मापापेक्षा जरा जास्तच ठेव.
तुझी,
आत्या